एकोणीस सेकंद

शुवैखच्या जुन्या आवारात, ग्रंथालयाखालच्या तळघरात
मी टेपा भाजतो.
हसू नका, कामाचं खरं वर्णन हेच आहे.
चाळीस वर्षांत फितीचा गोंद ओल धरतो,
लावली की ती किंचाळते,
आणि यंत्राच्या हेडवर तपकिरी मळ सोडते.
तो मळ म्हणजेच व्याख्यान.
म्हणून चौपन्न अंश, आठ तास, मंद.
वर पार्किंगमध्ये ऊन फुकट आहे,
इथं मोजून द्यावं लागतं.
आई फोनवर विचारते, काय करतोस रे दिवसभर?
पापड वाळवतो, म्हणतो.
तिला पटतं.

इचलकरंजीत टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं आमचं,
शेजारी चोवीस माग.
त्या खडखडाटात बसून मी कान कमावले.
त्या कानांचा पगार आता दिनारात मिळतो.

फडताळांत वर्षं ओळीनं उभी:
पदवीदान, वादविवाद, कवितेची एक रात्र,
उंटाच्या शस्त्रक्रियेच्या तीन कॅसेटी.
मग नव्वदच्या उन्हाळ्यानंतर
हातभर रिकामी फळी.
जागा कमी पडते तेव्हाही
तिथं कुणी काही ठेवत नाही.
तिच्यावरची धूळ उस्ताजा बदरिया स्वतः पुसतात.

डबा सहाशे बारा. ऑक्टोबर एक्क्याऐंशी.
'वाळवंटातल्या वनस्पती', प्रा. मुबारक अल-दुवैहिस.
फीत कडेनं सोलत होती.
ही एकदाच वाजणार, हाताला कळलं.
लावली.
आधी नुसती खोली. पंखा. सरकलेली खुर्ची.
मग:
"एक. दोन. तीन."

मी हेडफोन काढून मागे पाहिलं.
कुणी नव्हतं.
परत घातला.
"...सात. मागे आयकाक येता काय रे, बाबल्या?"
आणि लांबून, शेवटच्या रांगेतून असावं,
"येता, येता. जरा खरखरता."
एक खोकला. टाळ्या. मग प्राध्यापक,
अरफजच्या पिवळ्या फुलावर
पन्नास मिनिटं.

नियम असा आहे: व्याख्यानाआधीचं कापायचं.
मी बदरियांना हाक मारली.
त्यांनी एकाच कानाला लावून ऐकलं, उभ्याउभ्या.
कोण आहे हा?
ठाऊक नाही.
काय म्हणतोय?
आकडे मोजतोय.
कितीपर्यंत?
सात.
सातच का?
मला सांगता येईना.

त्या वर जाऊन पगारपत्रकं शोधून आल्या.
ती त्या रिकाम्या फळीच्या वर्षी जळाली.
त्या सालच्या एका फोटोत मंचाच्या कडेला
केबलचं वेटोळं धरलेला हात आहे, मनगटापर्यंत.
त्याचा, बाबल्याचा, की तिसऱ्याच कुणाचा?

नोंदीच्या तक्त्यात भाषेचा रकाना आहे:
अरबी, इंग्रजी, फ्रेंच, फारसी, उर्दू, इतर.
मी 'इतर'वर बोट नेलं.
थांब, त्या म्हणाल्या. नाव काय हिचं?
मराठी म्हटलं. पुन्हा म्हटलं.
'ठ'साठी त्यांच्याकडे अक्षर नव्हतं,
त्यांनी जवळचं एक घेतलं,
तीन टिंबं दिली वर, जरा जपून,
आणि यादीत सातवा शब्द आला.

वक्ता एक: अज्ञात.
वक्ता दोन: बाबल्या.
आडनावाचा रकाना सक्तीचा आहे, त्यात रेघ.

मी ते एकोणीस सेकंद कापले नाहीत.
खरखर काढण्याचं बटण हाताशी होतं,
तेही दाबलं नाही.
तिची तक्रार त्याच वेळी नोंदवलेली आहे,
तर तीही असू दे.